ओला पंचा

आमच्याकडे येणाऱ्या नर्सबाईंचा आवाज राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या स्कूटरच्या आधी पोचतो. अर्ध्या तमिळमध्ये, अर्ध्या मराठीत त्या सगळ्यांची हजेरी घेतात, चपला नेमक्या वाटेत काढतात आणि कॉफीला नावं ठेवत दुसरा पेला मागतात.

आता इलाज उरला नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर बाबांनी एकच मागितलं, घरी न्या. अशा आजाऱ्यांचे शेवटचे दिवस घरी सुखाचे जावेत, म्हणून या बाई घरोघर फिरतात. मी घरातला पहिला पदवीधर, त्यामुळे शांततेचे नियम मीच केले होते. टीव्ही बंद झाला, सगळे कुजबुजू लागले, आईसुद्धा गोड बोलू लागली. बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

"हे घर आहे की परीक्षेचा हॉल?" बाईंनी मला विचारलं. मग त्या आईकडे वळल्या. "अक्का, पूर्वी यांच्यावर कशावरून ओरडायचात?"

आई लाजली. "ओला पंचा खुर्चीवर टाकायचे."

बाबांचं अंग पुसलेला पंचा बाईंनी सरळ खुर्चीवर टाकला.

"अय्यो! जन्मभर सांगते आहे, खुर्ची कुजेल म्हणून!" आई कडाडली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. बाबांनी मान वळवली होती. ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसलं. बाबांनी माझ्या हातातून पंचा घेतला, खुर्चीवर टाकला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.