इतर हक्क

माझा धाकटा भाऊ आडमुठा आहे. हे मी पाठीमागे बोलत नाही, भर कोर्टात सांगून आलोय.

वसईतल्या होळी गावात आमच्या दोघांच्या वाड्या शेजारी-शेजारी, मध्ये हातभर बांध. वीस वर्षांपूर्वी मी त्या बांधावर केळी लावल्या आणि त्याने माझ्यावर दिवाणी दावा ठोकला. तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्ये मिस्साला गेलो तरी तो डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडच्या.

गेल्या वर्षी वाडीच्या वाटेत गाडी लावली म्हणून त्याने एकाचं डोकं फोडलं आणि आत गेला. चांगली अद्दल घडली म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे जामीन मंजूर झाला, पण जामीनदार आणायचा कुठून? आचोळ्याचा त्याचा मेहुणा तयार होता, तर त्याचा फ्लॅट इमारतीसकट अनधिकृत निघाला. आणि पुढच्याच रविवारी भावाच्या पोरीचं लग्न. चर्चमध्ये लग्नाच्या तिन्ही घोषणा वाचून झालेल्या.

सोमवारी पुतणी माझ्या ओट्यावर येऊन उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, काका, पप्पांना सोडवा, नाहीतर वेदीपर्यंत मला तुम्हीच घेऊन चला. त्या मेल्याच्या जागी मी? दुसऱ्या दिवशी गुमान सातबारा काढायला गेलो.

शुक्रवारी त्याची तारीख होती. त्याला तुरुंगातून आणलेलं, मान खाली. आमच्या वकिलाने मला बजावलं होतं, संबंध चांगले आहेत, एवढंच म्हणा. सरकारी वकिलांनी माझा सातबारा वाचला आणि चक्क हसले. ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात ‘दावा प्रलंबित’ अशी नोंद होती. मला वाडी विकता येऊ नये म्हणून आमच्याच शहाण्या भावाने घालून ठेवलेली. स्वतःच्या जामीनदाराचा कागद ह्याने स्वतःच्या हाताने नासवला होता! सरकारी वकील म्हणाले, ज्याचं आरोपीशी वैर आहे, तो आरोपीला तारखेला हजर कसा ठेवणार? असा जामीनदार लायक कसा?

न्यायाधीश बाईंनी मलाच विचारलं. पढवलेलं सगळं विसरलो. माझं डोकं फिरलं होतं.

“बाई, हा माणूस महाआडमुठा आहे. हातभर बांधासाठी वीस वर्षांत ह्याने एक तारीख चुकवली नाही. तापात आला. आई गेली त्या आठवड्यातही आला. तो बांध माझ्या घशात घालून हा पळून जाईल? मरेल, पण वसई सोडणार नाही.”

भावाने मान वर केली. बाईंनी पुन्हा सातबारा पाहिला. दावा बांधापुरता आहे, बाकी वाडीबद्दल वाद नाही, असं म्हणून त्यांनी मला जामीनदार म्हणून मंजूर केलं.

शनिवारी तुरुंगाच्या दारातून त्याला रिक्षात घातलं. आभार वगैरे काही नाही, तशी अपेक्षाही नव्हती. तो बाहेर बघत बसला, मी दुसऱ्या बाजूला. वाडीची वाट दिसायला लागली तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

“दादा, दावा मागे घेऊ का?”

“खबरदार,” मी म्हटलं. “तुला धरून ठेवायला माझ्याकडे दुसरं आहे काय?”