पिंपातून निघालेला मुद्देमाल

ती हकीकत मनात आली की अजूनही आधी कानात खडखडाट सुरू होतो, मग बाकीचं आठवतं. साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू होतं आणि बोईसरच्या रस्त्याने दिवसभर ट्रक धुरळा उडवत जात. मी तिथल्या पोलीस दूरक्षेत्रात नवा हवालदार. शाळा सातवीत सुटलेली, गाव लांब मराठवाड्यात. इथला दमट वारा परका, बोलीही परकी. खात्याने भाकरी दिली होती आणि ती कधी हातची जाईल याची धास्ती कायम. लिहिलेला जबाब मी पुन्हा पुन्हा वाचून पाही.

एके दिवशी एका ठेकेदाराचा मुनीम फिर्याद घेऊन आला. ट्रकच्या चाकांच्या मधोमध बसणारे जुने लोखंडी हब त्याच्या गोदामातून गेले होते. चोरीला गेले तर ओळखता यावेत म्हणून त्याने सगळ्यांना पिवळा रंग फासून ठेवला होता. फिर्याद लिहून होते तोच कोपऱ्यावरच्या चहावाल्याने खबर दिली, "हवालदार, सरावलीच्या वाटेवर शेड हाय ना, पिंप फिरवतात ती? काल तिथं ट्रकमधनं जड पोती उतरली."

दोन पंच घेऊन गेलो. शेडवाला किनाऱ्यावरच्या कोळ्यांपैकी, आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. तेलाचं मोठं पिंप आडवं बसवून ते त्याने जुन्या इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतं केलं होतं. आत वाळू, खडी आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी. त्यात लोखंडी माल गडगडत राहिला की गंज, वंगण, रंग, सगळं सुटतं. नुकतेच काढलेले हब ओलेच पडले होते, दुकानातून आणल्यासारखे चकचकीत. बोल्टच्या प्रत्येक भोकात रुंद डोक्याचं लाकडी बूच ठोकलेलं.

"हे काय?"

"आट्यांत वाळू गेली तर बोल्ट बसत नाय, सायब. होडीला मारतो तसं बूच. पाण्यात फुगतं, मग हलत नाय."

पंचनाम्यात 'लाकडी बुचांसह' असं लिहून मी मुद्देमाल आणि शेडवाला, दोन्ही ठाण्यावर आणले. मुनिमाने माल पाहिला आणि नकारार्थी मान हलवली.

"ये हमारा माल नहीं है, साहब. हमारा पीला था, जंग खाया हुआ. ये तो नया है!" मग शेडवाल्याकडे वळून म्हणाला, "हमारा कहाँ बेच दिया?"

"अरे, तोच हाय! तुमच्याच डायवरनी साफ कराया दिला."

तो ड्रायव्हर रजेवर मुलखाला गेलेला. म्हणजे मुनिमाचा माल बेपत्ता, आणि सापडलेल्या मालाला धनी नाही. पालघरहून फौजदारसाहेबांचा फोन आला, "उद्या दुपारी कोर्टात उभा करा. बेड्या घालून आणा."

संध्याकाळभर शेडवाल्याची विचारपूस केली. दम दिला, समजावलं. उत्तर तेच. मधेमधे मात्र तो एक भलतंच बोले, "सायब, माल उन्हात ठेवाया होवा. ओला ऱ्हायला तर गंज चढंल."

मी खेकसलो, "तू उद्या आत जाणार, आणि तुला गंजाचं पडलंय?"

"माझा नाय ना तो. लोकाचा हाय."

सकाळी त्याची बायको भाकरी आणि सुकी मासळी घेऊन आली. "हवालदार, आज वाणगावचे पावने येतील पोरीचं पक्कं कराया. बाप बेड्या घालून पालघरला गेला हे त्यांना कळलं का मोडलंच. मी काय सांगू त्यांना? तुमीच सांगा." मी हातातले कागद चाळू लागलो. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी पन खा दोन घास. लाकूड झालाव नुसते. आई नाय वाटतं जवळ."

आतल्या कोठडीतून शेडवाल्याचं पुन्हा सुरू झालं, "सायब, ऊन आलं." त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून मी शिपायाला सांगून सगळा माल ओसरीवर मांडला आणि कागद पुरे करायला बसलो. खुंटीवरच्या बेड्या काढून टेबलावर ठेवल्या.

बऱ्याच वेळाने ओसरीवर टक् असा आवाज झाला. उन्हाने सुकून एक बूच गळून पडलं होतं. मुद्देमाल पंचनाम्याशी जुळला पाहिजे, नाहीतर माझीच चौकशी. घाईने बूच परत बसवायला वाकलो आणि हात थांबला. बुचाच्या डोक्याखाली, भोकाच्या कडेने, पिवळ्या रंगाचं जसंच्या तसं कडं होतं.

दुसरं बूच उपटलं. पिवळं. तिसरं. पिवळं.

पंचांना आणि मुनिमाला बोलावलं. मुनिमाने नखाने रंग खरवडला, गोदामातला दुसरा हब शेजारी ठेवून पाहिला. "अरे! ये तो अपना ही है."

शिपाई म्हणाला, "मुनीमजी, म्हैस धुऊन आणली तर तीपण ओळखायचे नाय तुम्ही!" पंचसुद्धा हसले.

नवा पंचनामा करून पालघरला फोन लावला. माल पुरा भरला होता, आणि चोर असता तर मुनिमाने माल नाकारल्यावर हा 'तोच हाय' कशाला म्हणाला असता, हे फौजदारसाहेबांना सांगितलं. "सोडा त्याला," म्हणाले, "आणि पुन्हा नीट लिहा." पुढे ड्रायव्हर परतला, माल आपणच दिल्याचा जबाब त्याने दिला, आणि फिर्याद गैरसमजुतीची म्हणून प्रकरण मिटलं.

त्या दिवशी शेडवाला पायरी उतरला तेव्हा ऊन डोक्यावर होतं, पाहुणे यायला अजून अवकाश होता. जाता जाता वळून म्हणाला, "सायब, दुसऱ्या अंगानं पन सुकवा."

नंतरच्या नोकरीत पुष्कळ माणसं समोर बसवली. सुटका सगळेच मागतात, खरेही आणि खोटेही. म्हणून ती सोडून माणूस आणखी कशाची काळजी करतोय, ते आधी ऐकायचं, हे मी त्या ओसरीवर शिकलो.

बेड्या परत खुंटीला अडकवल्या. टेबलावर त्या बाईने फडक्यात ठेवलेली अर्धी भाकरी होती. गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच मला सपाटून भूक लागली होती.