न झालेल्या लुटीची शिक्षा

जिन्याखालच्या खोलीत दोन मशीनं आणि कापायचं एक टेबल, एवढ्यावर ताईने बावीस वर्षं काढली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाला तिनेच लहानाचं मोठं केलं. औषधांच्या एका गोदामाच्या पहारेकऱ्यांचे गणवेश तिच्याकडे शिवायला असत. भाऊ त्याच गोदामात हमाल होता. अकरा वर्षांनी त्याला एका दिवसात काढून टाकलं. आठवडाभराने तो दुकानात येऊन बसला.

"ताई, तीन गणवेश शिवून दे. एक मला, दोन माझ्या मित्रांना."

"कशाला?"

त्याने लपवलं नाही. पहारेकरी बनून आत शिरायचं, खऱ्या पहारेकऱ्याला बांधून ठेवायचं, महागडी इंजेक्शनं गाडीत भरायची. ताईने हातातलं शिवण बाजूला ठेवलं. मग टेप उचलून म्हणाली, "हात वर कर."

गणवेश शिवून झाले, पण लूट झालीच नाही. ठरल्या दिवसाच्या आदल्या सकाळी नाक्यावर पोलिसांनी तिघांची गाडी अडवली. मागच्या सीटखाली दोर आणि तीन नवेकोरे गणवेश सापडले. अकरा वाजता ताई काजं करत बसली होती, तेवढ्यात फौजदार दारात उभे.

"या कटात तुमचा हात आहे?"

"कटिंग माझंच आहे," ताई म्हणाली. मागचा शिपाई हसला. फौजदार हसले नाहीत.

वकीलबाईंनी तिला समजावलं. "काही माहीत नव्हतं म्हणा. गिऱ्हाईक सांगतं, शिंपी शिवतो. बास."

"पण मला माहीत होतं ना."

"मग ऐका. लूट झाली नाही, हे तुमच्या कामी येणार नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं, तिथेच कटाचा गुन्हा झाला. किरकोळ चोरीचा कट असता, तर काही महिन्यांवर भागलं असतं. ही माणसाला बांधून लूट. यात वर्षं जातात."

"मी तर गाडीत बसणारसुद्धा नव्हते."

"बसायची गरज नसते."

पहारेकरी साक्षीला आला. साठीचा माणूस, अंगात ताईनेच शिवलेला शर्ट. साक्ष संपल्यावर तो तिच्याकडे वळून म्हणाला, "बाई, माझा उजवा खांदा उतरता आहे म्हणून तुम्ही आठवणीने आत कापूस भरायच्या." न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. ताईने मान खाली घातली, ती कोर्ट उठेपर्यंत वर केली नाही.

भावाला आणि दोघा मित्रांना पाच-पाच वर्षं लागली, ताईला तीन. तिने आपणहून खरं सांगितलं म्हणून कमी, असं निकालात लिहिलं आहे. चांगल्या वागणुकीची सूट धरून ती सव्वादोन वर्षांनी बाहेर आली आणि पहिल्याच आठवड्यात भावाला भेटायला गेली.

जाळीपलीकडून तो म्हणाला, "माहीत नव्हतं म्हणाली असतीस, तर सुटली असतीस."

"सुटले असते."

"मग?"

"तू दुकानात आलास तेव्हा 'नको' म्हणायला तोंड होतं मला. तेव्हा म्हटलं नाही. कोर्टात दुसरं तोंड कुठून आणू?"

जिन्याखालच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. गणवेशांचं काम गेलं. ताई घरीच पडदे शिवते. महिन्यातून एकदा दोन बस बदलून ती तुरुंगात जाते. बोलायला फारसं काही नसतं. भावाची दाढ दुखते, त्याबद्दल बोलतात.