चवथीचा चंद्र आणि अव्वाच्या शिव्या

आमच्या निपाणीत तेव्हा घराघरांत वीज नव्हती, त्यामुळं आभाळ मात्र सगळ्यांच्या वाट्याला भरपूर यायचं. जेवणं उरकली की कंदिलाची वात बारीक व्हायची आणि आम्ही अंगणात घोंगडं टाकून पडायचो. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तंबाखूचं रान करायचे. पावसाचा हिशेब नक्षत्रांवर, म्हणून त्यांचं निम्मं ध्यान सदा वर. सप्तर्षी हे नाव मला शाळेत गेल्यावर कळलं. घरात ते बाजलं होतं. चार तारे म्हणजे कुणा म्हातारीच्या बाजल्याचे चार खूर, आणि मागचे तीन म्हणजे ते बाजलं पळवायला आलेले चोर. "जल्माचे मागं लागल्यात बघा, पर बाजलं काय हाताला घावत न्हाय," असं म्हणून आप्पा स्वतःच खो खो हसायचे. थंडीत तिकांडं, म्हणजे मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे, डोक्यावर यायचं. पावसाळा सरत आला की दक्षिणेला विंचू नांगी उगारून बसायचा. आज माझ्या नातवंडांना हे सांगायला जावं तर गच्चीवर दिव्यांचा एवढा लखलखाट, की बाजल्याचा एक खूर दिसेल तर शपथ!

पण तारे हा आप्पांचा प्रांत. चंद्र माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. मी तिच्याहून दोनच वर्षांनी धाकटी, पण तोंडानं चांगली दहा वर्षांनी मोठी. आक्का गरीब, हळू बोलणारी, हाक मारली तरी दचकणारी. तिला चंद्राचं वेड होतं. आईला उपासाची तिथी हवी असली तर पंचांग काढायची गरज नसे, आक्का आदल्या रात्रीच्या कोरीवरून सांगायची. बीजेची कोर दिसली की ती पदराचा दोरा काढून चंद्राला वाहायची आणि डोळे मिटून काहीतरी मागायची. काय मागायची ते मी शंभरदा विचारलं असेल. बाईनं कधी सांगितलं नाही.

अशा मुलीला वर्षातून एक संध्याकाळ चंद्र बघायची बंदी, ती म्हणजे गणेश चवथीची. त्या दिवशी चंद्र दिसला की माणसावर चोरीचा खोटा आळ येतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. त्यावर उताराही ठरलेला. शेजाऱ्याच्या कौलांवर खडे मारायचे आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्यांतच तो आळ फिटून जातो. मात्र शिव्या खऱ्या हव्यात, मनापासून दिलेल्या. हसत हसत दिलेली शिवी कामाची नाही.

आणि आमच्या आक्कावर तो आळ एकदा येऊन गेला होता. आदल्या वर्षी चवथीला तिला चंद्र दिसला, तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं. पुढं कार्तिकात नात्यातल्या एका लग्नात कुणाची तरी नथ हरवली, आणि शेवटी त्या खोलीत कोण होतं तर आक्का. दोन दिवसांनी नथ तांदळाच्या कणगीत सापडली. पण तोवर बोभाटा झाला होता, आणि तिची जुळत आलेली सोयरीक मोडली ती मोडलीच. त्यानंतर कितीतरी दिवस आक्का पाण्यालासुद्धा बाहेर पडली नाही. आता मोठ्या मुश्किलीनं संकेश्वरचं एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली, मुलगा देखणा, दसऱ्यानंतर सुपारी फुटायची होती. आईनं धसकाच घेतला होता. पुन्हा असलं काही झालं तर पोरगी घरातच राहणार, हे ती चुलीपुढं बसून स्वतःशीच बोलायची.

त्या चवथीला म्हणून दुपारपासूनच आईनं मागचं दार लावलं, खिडकीला पोतं बांधलं आणि आक्काला दम भरला, "आज मान वर करशील तर याद राख! भुईकडं बघून चालायचं." आक्कानं मान हलवली. दिवस बुडता बुडता बैल ओरडायला लागले. आप्पा आरतीच्या तयारीत होते, म्हणून आक्काच त्यांना पाणी पाजायला गोठ्याकडं गेली, अगदी सांगितल्याप्रमाणं मान खाली घालून. मान खाली होती, म्हणूनच घात झाला! दगडी दोण पाण्यानं काठोकाठ भरलेली, ढग नेमके तेवढ्यात सरकलेले, आणि चवथीचा चंद्र वाकडी कोर घेऊन पाण्यात पडलेला. पोरीनं वर बघितलंच नव्हतं. तरी जे नको ते तिच्या डोळ्यांपुढं!

तिची किंकाळी ऐकून आम्ही सगळे धावलो. साप चावला असंच मला वाटलं होतं. ती दोणीकडं नुसती बोट करत होती.

"पाण्यातला चंद्र कुठं खरा असतोय?" आप्पा म्हणाले. "त्यो धरायचा न्हाय."

"मग पाण्यात बघून लोकं कुंकू कशी लावत्यात? तवा खरं असतंय व्हय?" आई कडाडली.  आईपुढं आप्पांची मात्रा चालत नसे, आणि या खेपेला तिचा मुद्दा मलाही बिनतोड वाटला. आईनं कपाळावर हात मारला आणि आम्हा दोघींना फर्मान सोडलं, "आत्ताच्या आत्ता जावा, अव्वाच्या घरावर खडं टाका."

अव्वा म्हणजे आमच्या शेजारच्या जैन घरातली विधवा म्हातारी. भावाचा तंबाखूचा व्यापार, पण घर चालायचं ते हिच्या तोंडावर. कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत तिच्या शिव्या लोण्यासारख्या उतरायच्या. दरवर्षी चवथीला ज्याला म्हणून चंद्र दिसला तो सरळ अव्वाच्या कौलांवर खडा मारायचा. अव्वा बाहेर येऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरायची, आणि तो हात जोडून निर्धास्त घरी जायचा. तिलाही ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून जैनांचं पर्व लागायचं, बस्तीत म्हणजे त्यांच्या देवळात मुनिमहाराज उतरलेले असायचे, तेव्हा वर्षाचं उरलंसुरलं ती त्या संध्याकाळी ओतून मोकळी व्हायची.

आम्ही गेलो. त्यांची जेवणं दिवस मावळायच्या आत झालेली, दार ओढून घेतलेलं. मी खडा मारला. काही नाही. दुसरा मारला, तरी सामसूम. मग मात्र माझं डोकं फिरलं आणि मी चांगला अंड्याएवढा दगड भिरकावला. खळ्ळकन कौल फुटलं. दार उघडलं, अव्वा रॉकेलची चिमणी घेऊन बाहेर आली. मी आक्काला पुढं ढकललं.

"कोण गं? तू व्हय?" अव्वा म्हणाली. आवाज असा मऊ, की मला घामच फुटला. "कौलाचा तुकडा लागला न्हाय न्हवं तुला, बाळा?"

 मी मागून म्हटलं, "अव्वा, शिव्या द्या की! चवथ हाय न्हवं?"

अव्वा हसली. "आज सकाळी बस्तीत म्हाराजांपुढं नेम घेतला बघ. पर्व सुटंपतोर कुणाला वंगाळ बोलायचं न्हाय. कौलाचं काय, उद्या दुसरं घालू. जावा घरला." आणि तिनं दार लावून घेतलं.

घ्या! साऱ्या गल्लीचा आधार, आणि तो नेमका आजच देवाला लागला! मग आम्ही आणखी तीन-चार घरं केली. एका घरात "अगंबाई, पोरीच त्या" म्हणून हातावर मोदक ठेवला. एका घरातले आजोबा "चालतंय, चालतंय" म्हणाले. आमच्या गल्लीत माणसं एवढी चांगली आहेत हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. घरी आलो तर आईनं सगळं ऐकून स्वतःच शिव्या द्यायचं ठरवलं. आक्काला पुढ्यात उभं केलं, कमरेवर हात ठेवले, "मेले, अवदसे..." एवढं म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. आक्का कोपऱ्यात जाऊन बसली. रडली नाही, जेवली नाही. "सुपारी नगंच फोडायला, आप्पा. पुन्यांदा त्ये सगळं मला सोसायचं न्हाय," एवढंच म्हणाली. 

मी तडक उठले आणि अव्वाचं दार धडाधडा वाजवलं. तिनं दार उघडताच मी सगळं तिच्या अंगावर फेकलं. दोणीतला चंद्र, गेल्या वर्षीची नथ, मोडलेली सोयरीक, संकेश्वरची माणसं. "तुमच्या पुण्यापायी माझ्या आक्काचं लगीन मोडू दे व्हय? बसा नेम कवटाळून!" असंही म्हणाले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. अव्वा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. एकदा बस्तीच्या दिशेला बघितलं, एकदा आमच्या घराकडं. मग चिमणी खाली ठेवली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि मला बाजूला सारून भर रस्त्यात येऊन उभी राहिली.

"कुठं हाय ती कौलं फोडणारी? ये भाईर, भवाने!"

आक्का दारात आली, आणि अव्वा सुटली. "टवळे, कैदाशिणी, माझं घर उघडं करतीस? झडो तुझं हात! निन्न बायाग मण्ण बीळ्ली! तोंडात माती पडो तुझ्या!" कानडीतून मराठीत, मराठीतून कानडीत. भटक्या कुत्र्यांनीसुद्धा भुंकायचं थांबवलं. दारं उघडली, माणसं कंदील घेऊन बाहेर आली. एकही शिवी हसत दिलेली नव्हती. आक्का हात जोडून, मान खाली घालून, पावसात उभं राहावं तशी उभी होती. आणि अव्वाच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. शिव्या संपल्या तेव्हा तिनं पदरानं तोंड दाबून धरलं आणि कुणाकडं न बघता आत निघून गेली. त्या रात्री आक्का पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी कळलं, अव्वानं महाराजांपुढं नेम मोडल्याचं सांगितलं. का मोडला, हे मात्र सांगितलं नाही. प्रायश्चित्त म्हणून पर्व संपेपर्यंत मौन आणि दिवसातून एकदाच जेवण. आता रोज संध्याकाळी चंद्र बघायची आम्हाला मुभा होती. तो फुगत गेला, अष्टमीला अर्धा झाला, मग गल्लीतल्या चिंचेच्या वर येऊन रस्ता उजळायला लागला. आणि त्या उजेडात कट्ट्यावर बसलेली अव्वा रोज थोडी सुकलेली दिसायची. आमच्या घरचं काही ती खायची नाही, तेव्हा आई नुसती जाऊन तिच्याजवळ बसायची. दोघी गप्प. गल्लीला त्या शांततेची सवयच नव्हती. पाणी भरताना बायकासुद्धा हळू बोलायच्या.

आक्काचं लग्न झालं, हे आधीच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. मार्गशीर्षात झालं, थाटात झालं, आणि संकेश्वरला तिनं उभा जन्म मानानं संसार केला. पण मला सांगायचंय ते पुनवेच्या दुसऱ्या दिवसाचं. पर्व सुटलं की त्या दिवशी जैन माणसं घरोघर जाऊन, वर्षभरात कुणाला दुखवलं असेल तर हात जोडून क्षमा मागतात. आपापसांत मागतात. आमच्या दारात त्यासाठी आजवर कुणी आलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत अव्वा आली. अंगावर धुतलेलं पांढरं लुगडं. तिनं आक्काला बाहेर रस्त्यावर बोलावलं, जिथं शिव्या दिल्या होत्या नेमकं तिथं, आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्या सोळा वर्षांच्या पोरीपुढं हात जोडून वाकली. "लई वंगाळ बोलले तुला. क्षमा कर मला, पोरी."

आक्का दोन पावलं मागं सरली. मग धावत येऊन तिचे पायच धरले. "असं नगा म्हणू, अव्वा. मी कोण क्षमा करणार? तुमी माझ्यासाठी..."

"न्हाय. तोंडानं म्हण."

 आक्का नुसती मान हलवत होती, डोळे गळत होते. आई दारातून म्हणाली, "म्हण गं बाई, म्हण. त्यांचा जीव मोकळा कर." शेवटी आक्का कसंबसं पुटपुटली. मी शेजारीच उभी होते, मलाही ऐकू आलं नाही.

अव्वानं तिची हनुवटी धरून वर उचलली. "मोठ्यानं म्हण. माझ्या शिव्या साऱ्या गल्लीनं ऐकल्या. तुझी क्षमाबी ऐकू दे त्यास्नी."

आणि माझी आक्का, जिचा आवाज कधी शेजारच्या खोलीत गेला नव्हता, ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून गळा ताणून ओरडली, "क्षमा केली, अव्वा! क्षमा केली!" दारं उघडली, बायका ओट्यावर आल्या. त्यांच्यादेखत दोघी धुळीतच खाली बसल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.