मी बघितलं की विकेट जाते

निकाल आधीच सांगून टाकतो. आमच्या मुलाला मेडल मिळालं नाही. तेव्हा पेढ्यांची वाट बघत कुणी पुढे वाचू नये.

आता मूळ दुखणं. मी बघितलं की विकेट जाते. हे मी म्हणत नाही, चिंचवडची आमची अख्खी कॉलनी म्हणायची. मॅच रंगात आली की काका ओरडायचे, "अरे, याला आधी बाहेर काढा!" मग मी जिन्यात उभा. आतला आरडाओरडा ऐकून चौकार की षटकार ते मला बरोबर कळायचं. देशाने त्या काळात जेवढे सामने जिंकले त्यात माझा वाटा आहे, फक्त तो जिन्यातला आहे. लोक दुसऱ्याचा पायगुण काढतात, माझे डोळेच वाईट निघाले.

नेदरलँड्सला आलो तरी ही कीर्ती माझ्याआधी पोचलेली. ती आणली माझ्या मेव्हण्याने. तो डीमनला राहतो, आमच्याच क्षेत्रात, दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतो आणि संध्याकाळी मॅच असली की सोफ्यावर कुणी कुठे बसायचं ते ठरवतो. एकदा बसलं की ओव्हर संपेपर्यंत मांडी बदलायची नाही. मला म्हणतो, "दाजी, तुम्ही गॅलरीत." मी चहा घेऊन गॅलरीत जातो. वाईट वाटत नाही हो, सवय आहे.

आम्ही रायस्वाइकला राहतो, मुलगा तिथेच वाढला. या देशात टेकडी म्हणजे कालव्यावरचा पूल, आणि याला वेड लागलं स्नोबोर्डचं! जवळच झूटरमेरला छताखाली बारा महिने बर्फ असतो, तिथे एका मित्राच्या वाढदिवसाला गेला आणि तिथलाच झाला. पुढे हाफपाइप. म्हणजे बर्फात कोरलेला अर्धा नळ, भिंती दोन मजली घरापेक्षा उंच. एका भिंतीवरून वर उडायचं, हवेत गिरक्या घ्यायच्या, खाली यायचं, समोरच्या भिंतीवर चढायचं, पुन्हा उडायचं. असं तळापर्यंत. ही अवदसा त्याला कुठून आठवली देव जाणे. अभ्यासावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं, पण शनिवारी सकाळी गाडी काढायचो मीच.

त्याची पहिली स्पर्धा मी कठड्याला टेकून पाहिली. दुसऱ्याच उडीला पडला. कॉलरबोन मोडलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.  

त्यानंतर मी बघणं बंद केलं. त्याला सोडायचो आणि पार्किंगमध्ये गाडीत बसायचो, थर्मास घेऊन. तो स्वित्झर्लंडला सरावाला जायला लागला, स्पर्धा घरी टीव्हीवर दिसायला लागल्या, तेव्हा मी इमारतीच्या तळाशी सायकलींच्या खोलीत जाऊन बसायला लागलो. नुसतं बसवत नाही, म्हणून चाकांत हवा भरायची. आमच्या घरच्या सायकलींना कधी हवा कमी पडली नाही. शेजारच्या डच आजींच्याही नाही. त्या मला फार सज्जन समजतात.

यंदा तो मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. आल्प्समध्ये. तिथे जायचा प्रश्नच नव्हता. मी गेलो तर बघणार, आणि बायको म्हणाली, "त्या घसरड्यात मी एकटी जाऊन काय करू?" मेव्हणा सकाळीच डीमनहून आला, पोहे खाल्ले, जागा वाटल्या. मी पंप घेऊन खाली गेलो.

थोड्या वेळात बायकोचा फोन. "अहो, वर या. तो लाइनवर आहे, तुमच्याशीच बोलायचं म्हणतोय."

वर गेलो. स्क्रीनवर हेल्मेट, त्यात आमचं नाक.

"बाबा, सायकली?" तो म्हणाला.

"हो."

"बाबा, तुला हे आवडत नाही ना? इट्स ओके. मी आता मोठा आहे. फक्त खरं सांग."

 "आवडत नाही? कोण म्हणालं?"

"तू कधीच बघत नाहीस. सगळ्यांचे पापा आत यायचे. तू कारमध्ये. मला वाटलं, तू अजून रागावलास. अभ्यासासाठी."

इतकी वर्षं हा पोरगा हे मनात धरून उडत होता! आणि मी खाली हवा भरत होतो. मग मी त्याला सगळं सांगितलं. जिना, काका, कॉलरबोन. सांगताना माझं मलाच ऐकवेना. मराठीत जे इतकी वर्षं धडधडीत सत्य वाटत होतं, ते त्याला समजेल असं सोपं करून सांगायला गेलो तर निव्वळ खुळेपणा वाटायला लागला.

"म्हणजे तू बघितलं की मी पडतो?"

"हो."

"म्हणून कारमध्ये बसायचास? थंडीत?"

"हीटर होता रे."

  तो म्हणाला, "बाबा, मी रोज पडतो. ट्रेनिंगमध्ये दिवसभर पडतो. तू बघ ना."

फोन ठेवला. मेव्हणा घसा खाकरून म्हणाला, "दाजी, भावनेच्या भरात निर्णय नको. आज फायनल आहे."

"तू गप्प बस," बायको कडाडली, "नाहीतर तूच जा सायकलींत." मग माझा हात धरून मला सोफ्याच्या मधोमध बसवलं.

प्रत्येकाला तीन फेऱ्या असतात, त्यातली सगळ्यात चांगली धरतात. त्याची पहिली फेरी आली. डोंगराच्या उतारावर तो एवढासा दिसत होता. पहिली उडी मी पाहिली. अगं आई! हे असं असतं होय? तो आकाशात थांबला होता आणि मला ओरडायलाही सुचेना. दुसरी उडी. बोर्ड भिंतीच्या कडेला आपटला आणि तो पाठीवर घसरत भिंतीच्या पायथ्याशी आला.

 मेव्हणा माझ्याकडे बघत नव्हता, म्हणजे फारच बघत होता. मी उठलो. पंप दाराशीच ठेवला होता.

"थांबा," बायको म्हणाली, "तो उठलाय."

तो उठला, बर्फ झटकला, सरकत खाली आला. कॅमेरा जवळ गेला. त्याने गॉगल वर केला, थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि हाताचा पंजा पालथा करून हवेत दोनदा खाली दाबला. डच समालोचक म्हणाला की हा खेळाडू स्वतःला शांत करतोय. दुसरा म्हणाला, कोचला खूण असावी.

कोचला कशाला? ती खूण माझी आहे. पाढे अर्धवट टाकून तो जेवणाच्या टेबलावरून पळायला लागला की मी ती करायचो. बस. खाली बस.

मी बसलो.

दुसऱ्या फेरीत तो पुन्हा पडला. मी जागचा हललो नाही, फक्त बायकोचा हात जरा जोरात दाबला गेला. तिसरीत मात्र तळापर्यंत उभा आला. नववा.

दुपारी फोन आला. बायकोने आधी लागलं का, जेवलास का ते विचारून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"पाहिलं?" तो म्हणाला.

"सगळं पाहिलं. दोनदा पडलास."

"हो ना!" तो ओरडला, आणि मागच्या कुणाला तरी डचमध्ये सांगायला लागला की माझ्या बाबांनी पाहिलं.