जवळचे हलके, लांबचे जड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. बरं शिकवायचो. पण स्वतःचं म्हणून काही शोधलं, असं एकदाही घडलं नाही. हे आधी सांगतोय ते सबब म्हणून नव्हे.

आमच्या प्रयोगशाळेत वसुधाताई सहायक होत्या. मूळ पोफळीच्या, वडील तिथल्या वीजघरात कामाला. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं, नवरा लवकर गेलेला. दोन हजार सालाच्या आसपास दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या बातम्या यायला लागल्या आणि ताईंना त्यांचं वेडच लागलं. सायबर कॅफेतून मीच त्यांना यादी छापून आणून दिली — प्रत्येक ग्रहाचं वस्तुमान, ताऱ्याभोवती एक फेरी मारायला लागणारे दिवस. साठ-सत्तर ग्रह असतील. त्यांनी आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका मांडला.

एका दुपारी तो कागद माझ्यासमोर पसरला. "सर, हा कोपरा बघा. रिकामा. ताऱ्याला चिकटून फिरतात ते सगळे त्यातल्या त्यात हलके. जड आहेत ते लांब."

"जड सापडले नसतील अजून," मी म्हणालो.

"असं कसं ओ सर? जड ग्रह जवळ असला तर ताऱ्याला जास्त हलवणार, आणि त्या हलण्यावरूनच तर ग्रह सापडतात. तो तर सगळ्यांत आधी सापडायला हवा. म्हणजे तो नाहीच."

बरोबर होतं त्यांचं. तीच यादी महिनाभर माझ्याही टेबलावर पडून होती — मला का दिसलं नाही?

त्यांनी चार पानं लिहिली. मी त्यांचं इंग्रजी करून पुण्यातल्या ओळखीच्या एका खगोलशास्त्रज्ञांना पाठवायचं ठरलं. पानं मी बॅगेत घातली. आणि — नाही पाठवली. आळस नव्हता. विसरलोही नाही. पोस्टावरून रोज जात होतो.

त्या विचारायच्या, "आलं काही?" दीड महिन्यानं मी म्हणालो, "आलं. यात काही अर्थ नाही म्हणतात. एवढ्याशा ग्रहांवरून असले नियम काढू नयेत." त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला उगाच त्रास दिला सर," म्हणाल्या. माझीच माफी मागितली त्यांनी! त्या संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन मी ती पानं फाडली, पाण्यात टाकली.

पुढं एका विज्ञान मासिकात आलं — परदेशी संशोधकांनी तोच रिकामा कोपरा दाखवला होता. कात्रण घेऊन त्या धावतच आल्या. "सर, हे आपलंच!" आपलं, म्हणाल्या. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी कात्रण वाचल्यासारखं केलं. "यांचं वेगळं आहे हो," म्हणालो, "तुमचं गणित कच्चं होतं."

त्यानंतर आलेखाचा कागद त्यांनी हातात धरला, तो फक्त मुलांना वाटायला.

माझ्या निरोप समारंभात, कधी नव्हे ते वसुधाताई माइकसमोर उभ्या राहिल्या. "माझ्यासारख्या बाईचं लिहिलेलं सरांनी पुण्याला पाठवलं," म्हणाल्या. "चुकीचं होतं. तरी पाठवलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले.