मास्तरांच्या हातात पाना

बोंगची मावशीच्या आधी घरात चार मुली होत्या. पाचवीच्या वेळी बापाने नाव शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. बोंगची म्हणजे ‘वाढवू कशीबशी’, नकुशीच म्हणा. शाळेच्या हजेरीत, मतदारयादीत, दुकानाच्या परवान्यावर तेच नाव राहिलं. बदलून घे असं तिला पुष्कळांनी सुचवलं. ती म्हणायची, “वाढले ना? मग झालं तर.”

चौदाव्या वर्षी तिला पुलापलीकडच्या बेटावर, माकोंग शहरात, एका मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात स्वयंपाकाला ठेवलं. भात शिजेपर्यंत ती रॉकेलच्या डब्यात सुटे भाग धुवायची. “तीन वर्षांत भात करपायला लागला आणि इंजिनं चालायला लागली,” असं ती स्वतःच सांगते. सत्ताविसाव्या वर्षी गावात परत येऊन तिने स्वतःचं दुकान थाटलं. आमच्या बेटावर ऑक्टोबरात वारा सुटतो तो मार्चपर्यंत थांबत नाही, आणि त्या वाऱ्यात मीठ असतं. भाजीचे वाफेसुद्धा आम्ही दगडी कुंपणाच्या आडोशाला करतो, मग स्कूटरची काय कथा. तरीही पहिलं वर्षभर बाप्ये बंद पडलेल्या स्कूटरी तिच्या दुकानावरून ढकलत पुढे न्यायचे. मग एका वादळात पूल तीन दिवस बंद राहिला आणि माकोंगला जायची सोय उरली नाही. चौथ्या दिवशी पूल सुरू झाला तरी गिऱ्हाइकं मावशीकडेच आली. मिठाने गंजू नये म्हणून ती प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर ग्रीसचं बोट फिरवायची. तिने आवळलेला बोल्ट दहा वर्षांनीही सुटायचा.

यू मास्तर समुद्रापलीकडच्या ताइनान शहरातून दोन वर्षांच्या बदलीवर आमच्या शाळेत आले, मावशीशी लग्न करून इथेच राहिले. चौथीत मी त्यांच्या वर्गात होते. त्यांचं अक्षर असं होतं की फळा पुसायला जीव होत नसे. पण खडू आणि कुंचला सोडला तर त्यांच्या हातात काही टिकायचं नाही. घरातला दिवा बदलायचा झाला तर मावशी शिडीवर आणि मास्तर खाली शिडी धरून. माझं घर त्यांच्या समोरच, त्यामुळे हे सगळं मी पाहिलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मावशीला अर्धांगाचा झटका आला. जीभ सहा आठवड्यांत ताळ्यावर आली, पाय काठीच्या आधाराने चालू लागले. उजवा हात मात्र मागे राहिला. तो कोपरापर्यंत उचलला जाई, पण बोटं मिटत नसत. दुकानाचं शटर खाली आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी इस्पितळाची गाडी येऊन तिला व्यायामाला माकोंगला घेऊन जाई. उरलेले दिवस ती पडवीत खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्याने जाणाऱ्या स्कूटरींचे आवाज ऐकायची. “पट्टा गेलाय हिचा,” ती कोणाशीच न बोलता म्हणायची.

घरात एकच स्कूटर होती, सतरा वर्षं मावशीने सांभाळलेली. मास्तर तिच्यावरून बाजारहाट करायचे. एकदा ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा ते गुपचूप पुलापलीकडे गेले आणि तिथल्या दुकानात काम करून घेऊन आले. दोन दिवसांनी मी भुईमूग वाळत घालत होते तेव्हा मावशीचा आवाज ऐकला. ती पडवीतल्या खुर्चीवरून समोर उभ्या स्कूटरच्या पोटाकडे बघत होती.

“मास्तर, ऑइल कुठं बदललंत?”

मास्तर पेपर वाचत होते. “का गं?”

“खालच्या बोल्टवर ग्रीस नाही. आणि पाना डावीकडून लागलाय. मी उजवीकडून लावते.” मग ती जराशी थांबली. “लावायची.”

“पुलापलीकडे गेलो होतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“काम चांगलं केलंय त्यानं,” मावशी म्हणाली आणि काठी घेऊन आत गेली.

त्या संध्याकाळी मी लाल भोपळा घालून केलेल्या शेवया दिल्या होत्या. मावशीच्या फार आवडीच्या. वाडगा तसाच परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जाताना करकरलं तशी मी बाहेर आले. मास्तरांनी दुकानात दोन स्टुलं मांडली होती आणि हातात नवी कोरी वही होती. मावशी दारात उभी राहून बघत होती.

“हे काय मांडलंय?”

“मला शिकव.”

“वय काय तुमचं?”

“एकाहत्तर. तुला माहीत आहे.”

“सतराच्या वरचं पोर मी कधी हाताखाली घेतलं नाही. हाडं वाकत नाहीत.”

“माझी वाकतील.”

मावशी हळूहळू येऊन स्टुलावर बसली. “ती वही आधी आत ठेवा. हे बोटांनी लक्षात ठेवायचं असतं.”

ज्या माणसाने वर्गात नुसता चष्मा वर केला की आम्ही गप्प बसायचो, तो माणूस आता रोज सकाळी बोलणी खात होता. पहिला आठवडा तिने त्यांना स्कूटरला हातच लावू दिला नाही. भंगारातल्या एका इंजिनाचा एकच बोल्ट सोडायचा आणि आवळायचा. दोन बोल्टांचे आटे त्यांनी घालवले. “भांडताय का त्याच्याशी?” मावशी विचारायची. “घट्ट झाला की तोच सांगतो. तुम्ही ऐकता कुठं?” मग टायरची हवा अंगठ्याने दाबून ओळखणं, ब्रेकची तार किती ढिली ठेवायची ते. एकदा मास्तरांनी स्कूटर एका बाजूला कललेली असतानाच ऑइल मोजायची पट्टी बघितली, कमी दिसलं म्हणून वर ओतलं आणि मग नको तितकं झालं म्हणून परत काढत बसले.

“कललेल्या वाटीत तुम्ही आमटी मोजता का?” मावशी म्हणाली. “मधल्या स्टँडवर उभी करा. सरळ.”

वही अर्थात मास्तरांनी सोडली नव्हतीच. दुपारी मावशी झोपली की ते लिहून काढत. मला एकदा दाखवली. हवा, तेल, ब्रेक, सगळं सुंदर अक्षरात, आणि समासात बारीक अक्षरांत तिची बोलणीही तशीच्या तशी उतरवलेली.

मार्चच्या सुरुवातीला स्कूटरखाली नाण्याएवढा काळा डाग दिसला. ऑइल नुकतंच मास्तरांनी स्वतः बदललं होतं. त्यांचा चेहरा उतरला. “माझंच चुकलं,” म्हणत त्यांनी पाना घेतला आणि खालच्या बोल्टला लावला.

“हात काढा,” मावशी म्हणाली. “गळती सापडत नाही तो माणूस बोल्ट आवळत सुटतो. आधी सगळं पुसून घ्या. आणि माझी पावडर आणा.”

“तोंडाला लावायची?”

“घरात दुसरी आहे का?”

मास्तरांनी रॉकेलच्या फडक्याने इंजिन धुतलं, कोरडं केलं आणि त्यावर गुलाबाच्या वासाची पावडर भुरभुरली. मग दीपगृहापर्यंत एक चक्कर मारून आले. इंजिन निवल्यावर ते विजेरी घेऊन जमिनीवर आडवे झाले. मावशीला वाकता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनीच बघून सांगायचं होतं.

“पावडरवरून एक रेघ उतरत आलीय, जणू पहाटेच्या...”

“कविता नको. कुठून कुठं?”

“वरून खाली. खालचा बोल्ट कोरडा आहे.”

“किती वरून?”

मास्तरांनी सीटखालचा डबा काढला, मान वाकडी केली. “अगदी वर झाकण आहे त्याच्या कडेला. मागच्या बाजूला.”

“हेडकव्हर,” मावशी म्हणाली. “आतलं पॅकिंग वाळलं असेल. सतरा वर्षं झाली. तुमचा दोष नाही.”

झाकण उघडल्यावर आतलं रबराचं पॅकिंग सुक्या माकुळ मासळीसारखं कडक निघालं. वाकवलं तर मोडलं. नवं मी माकोंगहून आणून दिलं. मास्तरांनी ते अख्खी सकाळ घालवून बसवलं, खाली स्वच्छ पुठ्ठा टाकला आणि चक्कर मारून आले. तासाभराने पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. पहिल्यापेक्षा लहान, पण डागच.

मास्तर स्टुलावर बसले. मी शेंगा निवडायच्या सोडून त्यांच्याकडे बघत होते.

“चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, पुन्हा करून बघ म्हणून,” ते म्हणाले. “सांगणं किती सोपं होतं. मला नाही जमणार, बोंगची. मी तुझे हात नाही होऊ शकत.”

मावशीने काठी भिंतीला टेकवली. “माझं पहिलं हेडकव्हर चार वेळा गळलं होतं,” ती म्हणाली. “मालक जेवायला गेले होते. मी रॉकेलच्या डब्याशी बसून रडले. मग डोळे पुसायला गेले तर रॉकेल डोळ्यांत. अजून रडले.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस.”

“गिऱ्हाइकाला कोण सांगतं?” ती म्हणाली. “इंजिन निवलंय. उघडा परत.”

या वेळी तिने त्यांना डोळे मिटून झाकणाच्या खाचेतून करंगळी फिरवायला लावली. मास्तर अगदी सावकाश फिरवत गेले. मागच्या कोपऱ्यात, जिथे नजर पोचत नव्हती, तिथे बोट अडलं. जुन्या रबराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा खाचेला चिकटून राहिला होता. त्यांनी तो नखाने खरवडून काढला आणि तळहातावर ठेवून तिला दाखवला.

“हा बघ.”

“बघितला. फेका. आता आवळायचं. एक पुढचा, मग त्याच्या समोरचा तिरपा. सगळे थोडे थोडे.”

चारही बोल्ट हाताने बसले, मग पान्याने. शेवटच्या फेरीला मास्तर थांबले. “इथपर्यंत येतं मला. पण पुरे कुठं म्हणायचं ते कळत नाही. कमी पडलं तर गळेल, जास्त झालं तर आटे जातील.”

“पाना तसाच धरा,” मावशी म्हणाली.

तिने स्टूल पुढे ओढलं. डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि मास्तरांच्या मुठीवर ठेवला. बोटं मिटली नाहीत, नुसतीच पसरून राहिली.

“धरता येत नसलं तरी कळतं मला. फिरवा.”

मास्तरांनी फिरवलं.

“अजून. अजून जरासं... थांबा. हे. कळलं?”

“कळलं वाटतं.”

“वाटतं नको. पुढचा घ्या.”

असे चारही बोल्ट त्यांनी आवळले. शेवटचा झाल्यावरही तिने हात उचलला नाही आणि मास्तरांनीही पाना खाली ठेवला नाही. मी शेंगांची परडी घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा होता. मास्तरांनी उलटा करूनही पाहिला. तिसऱ्या दिवशीही कोरडा. मंगळवारी त्यांनी इस्पितळात फोन करून गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं.

“वारा आहे पुलावर,” मी म्हणाले.

“आज नाही फारसा. विचारलंय मी,” मास्तर म्हणाले. त्यांनी रुंद सुती पट्टा आणला होता, लहान मुलांना पाठीशी बांधतात तसला. मावशी मागे बसली आणि त्यांनी तो दोघांभोवती फिरवून पुढे गाठ मारली.

“चाळीस वर्षांत मी कधी मागे बसले नव्हते,” मावशी मला म्हणाली.

मला काळजी वाटली म्हणून मी माझी स्कूटर घेऊन त्यांच्या मागून निघाले. पुलावर मास्तर इतके हळू चालवत होते की मासळीचे टेंपो भोंगे वाजवत पुढे जात होते. मावशीचं तोंड त्यांच्या कानाशी होतं आणि ती सारखी काहीतरी बोलत होती. इस्पितळाच्या दारात मी मास्तरांना विचारलं, एवढं काय सांगत होती?

“ब्रेक उशिरा मारतो म्हणाली,” मास्तर गाठ सोडत म्हणाले. “आणि इंजिनाचा आवाज छान येतोय म्हणाली.”

तेव्हापासून सकाळचे दोन तास शटर अर्धं वर असतं. मोठी कामं घेत नाहीत. ऑइल, ब्रेक, टायर, एवढंच. मावशी ऐकते, मास्तर हात चालवतात. मावशीची बोटं आता पेला धरण्याइतकी मिटतात; पाना धरता येत नाही आणि येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मावशी-मास्तरांचा मुलगा तैवानच्या मोठ्या बेटावर, काऊश्युंगला असतो. एप्रिलमध्ये रिवाजाप्रमाणे पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायला तो आला तेव्हा आईवडिलांना कायमचं घेऊन जायच्या तयारीनेच आला होता. इमारतीला लिफ्ट आहे, इस्पितळ रस्त्यापलीकडे आहे, सगळं त्याने जेवताना सांगितलं. मीही त्या दिवशी तिथेच जेवायला होते.

“स्कूटर कुठं लावायची?” मास्तरांनी विचारलं.

“तळघरात, बाबा.”

“तिथं खोलू देतात?”

“खोलू कशी देतील? साफ मनाई आहे.”

मास्तर भात खात राहिले. मुलाने आईकडे पाहिलं.

“मी काही बोललेले नाही हं,” मावशी म्हणाली. “पण शनिवारी दोन गिऱ्हाइकं यायची आहेत.”

मुलाने वडिलांच्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडा काळ्या, अंगठ्याला चीर. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी तो माकोंगहून एक लोखंडी दांडा घेऊन आला, न्हाणीघरात आईला धरायला म्हणून. भिंतीत भोकं त्याने पाडली, बोल्ट मास्तरांनी आवळले. मावशी दारात खुर्ची टाकून दोघांना सूचना देत बसली होती.